पुरट्टासीतला काटा

"तोरण फाटकाला, झेंडूची माळ पाटीला, आणि लिंबांना कुणी हात लावायचा नाही. ती अप्पांची," तेन्मोळीने हुकूम सोडला.

तिमाही परीक्षा संपून सुट्टी लागली होती आणि आयुधपूजा चार दिवसांवर आली होती. चेल्लमुत्तू मेकॅनिकचं गॅरेज सजवायचं काम दरवर्षी त्याच्या मुलीकडे, म्हणजे तेन्मोळीकडे असे. मदतीला तिच्या वर्गातली रिहाना आणि शेजारचा इन्बा. इन्बा काम कमी आणि सूचना जास्त करायचा, पण शिडीवर चढायला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

चेल्लमुत्तूची एक ठरलेली पद्धत होती. गाडी दुरुस्त झाली की पुढच्या दोन चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं, ते चिरडत गाडी बाहेर काढायची आणि पिळ्ळयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत जाऊन परत यायचं. चार किलोमीटर. त्यात कधी फरक नाही. माणूस ठेंगणा, त्यामुळे सीट पार पुढे ओढून, खाली जाड उशी घेऊन तो बसायचा. लांबून बघणाऱ्याला वाटे, गाडी आपली आपणच चाललीय. पोरं त्यावरून हसायची, पण आनैमलै गावातली गिऱ्हाइकं त्याच्या हातात किल्ली टाकून निर्धास्त घरी जायची.

त्या दिवशी शिवगुरुनाथन अय्या आपली निळी मोटार न्यायला आले. अय्या नारळाचे मोठे व्यापारी. त्यांची ही मोटार आणि तीन लॉऱ्या वीस वर्षं याच गॅरेजात येत होत्या. खरं सांगायचं तर गॅरेज त्यांच्याच गाड्यांवर चालत होतं. अय्यांनी दार उघडलं आणि नाकाला उपरणं लावलं. मग वाकून किलोमीटरचा आकडा वाचला.

"चेल्लमुत्तू, पिळ्ळयारचं देऊळ हल्ली दुसरीकडे हलवलंय का?" ते शांतपणे म्हणाले. "ट्रायलचे चार सोडून गाडी आणखी चव्वेचाळीस किलोमीटर फिरलीय. आणि आत तळलेल्या मासळीचा वास. माझ्या गाडीत, तोही पुरट्टासीच्या पवित्र महिन्यात."

तेन्मोळीला वाटलं, आता अप्पा काहीतरी सांगतील. पण अप्पा नुसते फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"चूक झाली अय्या. धुऊन ठेवतो."

"धू. उद्या माणूस पाठवून नेतो." अय्या फाटकापाशी थांबले. आवाज चढला नाही, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "पूजा होऊ दे. मग लॉऱ्या पोळ्ळाचीच्या गॅरेजात लावीन म्हणतो."

ते गेल्यावर तेन्मोळीने अप्पांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: गाडी माझ्या ताब्यात होती, जबाबदारी माझी. मग ते जेवायला निघून गेले. अप्पांनीच तर नेली नसेल ना गाडी? क्षणभरच तो विचार आला, पण आला.

गाडी धुवायला तिघं भिडली. इन्बा आधी ऐटीत चालकाच्या जागेवर जाऊन बसला आणि म्हणाला, "पाय पोचत नाहीत की!"

"मग उंच हो," रिहाना म्हणाली.

"अगं, सीट बघ. पार मागे ढकललीय. इथे बसून अप्पांचा पाय ब्रेकपर्यंत जाईल का?"

तेन्मोळीने पाइप खाली टाकला आणि स्वतः बसून बघितलं. ती अप्पांएवढीच उंच होती आणि तिची बोटंसुद्धा ब्रेकला टेकत नव्हती. अय्याही काही ताडमाड नव्हते. ही सीट कुणातरी खूप उंच माणसाने मागे सारली होती. मघाच्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती उगीचच काच जोरजोरात पुसायला लागली.

तेवढ्यात रिहानाने सीटखालून एक काटा काढून दोघांसमोर धरला. "जिलेबी मासा. धरणातला."

"तुला कसं कळलं?"

"मी तुमच्यासारखी पुरट्टासी पाळत नाही ना! महिनाभर या गावात मी सोडून मासे कोण खातं, सांग बरं. तुमच्या घरात तर अंडंसुद्धा येत नाही."

हे बोलणं तेन्मोळीच्या डोक्यात चमकून गेलं. सगळं गाव मासळी सोडून बसलेलं असताना धरणावरच्या तळणीवाल्यांकडे गिऱ्हाईक ते किती येणार? जे येईल ते चांगलं लक्षात राहणार!

धरण तिथून अकरा किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन बावीस, आणि दोन फेऱ्यांचे चव्वेचाळीस. हिशेब चोख जमला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टाउन बसने निघाली. मुलींना बस फुकट आणि आपल्यालाच तिकीट, हा अन्याय इन्बाने धरण येईपर्यंत तीनदा बोलून दाखवला.

बांधाखाली ओळीने सहा झोपड्या होत्या, पण चूल एकाच ठिकाणी पेटलेली होती. तिथे पाप्पात्तीअक्का माश्या हाकलत बसली होती. निळी मोटार म्हटल्याबरोबर ती सावरून बसली.

"तो देवासारखा आला गं! दोनदा आला. एवढा उंच, की माझ्या छपराला दोन्ही वेळा डोकं आपटलं. दोन-दोन ताटं खायचा आणि मग हाताला लिंबू चोळत बसायचा. म्हणायचा, सासऱ्यांच्या नाकाला सगळं कळतं." तिने कनातीमागून चष्म्याची डबी आणली. "हे विसरून गेलाय. ओळखत असाल तर द्या."

डबीत आत नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. गुणशीलन. अय्यांचे जावई! नवरात्रासाठी सासुरवाडीला आले होते आणि अय्यांच्या घरात तर कांदासुद्धा जपून शिजायचा.

आता तेन्मोळीला अप्पांच्या गप्प बसण्याचा उलगडा झाला. जावईबापू गॅरेजात येऊन म्हणाले असणार, जरा चक्कर मारून आणतो. जावयाला नाही कोण म्हणणार? आणि नंतर सासऱ्यासमोर त्याचं नाव तरी कसं घेणार? दुसऱ्याच्या घरात कलागत नको, म्हणून अप्पांनी आपली वीस वर्षांची गिऱ्हाइकी पणाला लावली होती. तिला अप्पांचा अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"चला, सरळ अय्यांना डबी देऊ," इन्बा म्हणाला.

"नको. अप्पांनी जे झाकलं, ते मी कसं उघडं पाडू? ज्याने केलं, तोच सांगेल."

संध्याकाळी तिघं अय्यांच्या घरी गेली. नवरात्रात कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला येणाऱ्या मुलांना कुठल्याच घरी अडवत नाहीत. रिहानाने बाहुल्यांसमोर गाणं म्हटलं, इन्बाने प्रसादाच्या सुंदल उसळीचे तीन द्रोण संपवले. जावईबापू खांबाला टेकून वर्तमानपत्र लांब धरून वाचायच्या खटपटीत होते. तेन्मोळी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि परकराच्या घडीतून डबीचं टोक दाखवलं.

"मामा, पाप्पात्तीअक्काने पाठवलीय. छपराला डोकं फार लागलं का, असं विचारत होती."

गुणशीलन यांचा चेहरा उतरला. "तू... अय्यांना सांगितलंस?"

"नाही. अप्पांनीही नाही सांगितलं. अय्यांच्या लॉऱ्या पोळ्ळाचीला जाणार आहेत, तरी नाही सांगितलं."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डबी घेतली, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तेन्मोळीकडे नीट बघितलं आणि उठून माजघरात गेले. मग आतून अय्यांचा आवाज आला: "दोनदा? आणि तो चेल्लमुत्तू खाली मान घालून उभा राहिला माझ्यासमोर?"

आयुधपूजेच्या सकाळी तिन्ही लॉऱ्या आणि निळी मोटार झेंडूच्या माळा घालून गॅरेजासमोर उभ्या राहिल्या. पाने-हातोड्यांना चंदन लागलं, कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. पूजेच्या दिवशी पहिली फेरी मालकाची असते. पण अय्यांनी किल्ली चेल्लमुत्तूच्या हातावर ठेवली.

"तू बस. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी झाली."

चेल्लमुत्तू संकोचून आत बसला आणि सीट पुढे ओढायला लागला. अय्या गॅरेजात गेले, खुंटीवरची तेलकट उशी स्वतः काढून आणली आणि वाकून त्याच्या खाली सरकवली. मग तेन्मोळीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीने माझं घरही राखलं आणि माझा मेकॅनिकही."

"जावईबापू कुठे बसणार?" इन्बाने साळसूदपणे विचारलं.

"मागे," अय्या म्हणाले. "काचा उघड्या ठेवून."

तेन्मोळी अप्पांच्या शेजारी बसली. लिंबं चिरडली, गाडी रस्त्याला लागली. देवळाच्या वळणावर ती हळूच म्हणाली, "अप्पा, मला क्षणभर तुमचाच संशय आला होता."

"येणारच. मी तोंड उघडलं नाही ना." त्याने गिअर बदलला. "पण तू सीट बघितलीस. एवढं पुरे मला."

गाडी परत आली तेव्हा अय्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. इन्बाने मात्र खिडकीतून मुंडकं आत घालून बघितला. बरोब्बर चार.