नीलधुऱ्याचा अनुगमनांक

पर्वतभार प्रयोगशाळेत डॉ. इरावती खोत तीन दिवस गिर्यारोहणाचे जाड बूट घालून वावरत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून डॉ. श्रीरंग दामल्यांनी मान वर केली.

"संचलन आहे का कुठे?"

"नवे आहेत, चावतात. मे महिन्यापर्यंत पायात बसायला हवेत."

नीलधुरा राष्ट्रीय उद्यान मे महिन्यातच उघडत असे, तेही केवळ चाळीस माणसांसाठी. दामल्यांना पुढचे विचारण्याची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारले.

"परवाना मिळाला?"

"मिळाला. कुणाला सांगितलेलं नाही."

निर्बंध येण्यापूर्वी, विद्यार्थी असताना, दामले तिथे गेले होते. देवदारांची घळ आणि पहाटे तिथे उतरलेला कस्तुरीमृग यांविषयी ते चौदा वर्षे बोलत आले होते. सहा वर्षे त्यांचा अर्ज नामंजूर झाला. यंदा चिडून त्यांनी तो केलाच नव्हता. आता ती घळ खोत पाहणार होत्या, आणि परतल्यावर कदाचित दामल्यांच्या वर्णनात दुरुस्त्याही सुचवणार होत्या.

"माझ्यात काय कमी आहे?"

"कमी नाही रे, जास्त आहे. सूत्र तूच मांडलंस ना? डोंगराला पावलांपेक्षा वर्णनाचा भार अधिक. एक जण जाऊन येतो, सांगतो. ऐकणाऱ्याला जावंसं वाटतं. साथीच्या रोगासारखंच. एकामागे सरासरी एकाहून कमी माणसं तयार झाली, तर ओघ आटतो. एक किंवा अधिक झाली, तर कधीच आटत नाही. ही सरासरी म्हणजेच अनुगमनांक. तो एकाहून कमी, तरच परवाना."

"माझा नेमका एक येतो. मी व्याख्यानं देत नाही, छायाचित्रं दाखवत नाही. परवाने ठरवणाऱ्या गणकाची चूक आहे."

"तो एक कोण, ते तपशिलात पाहिलंस?"

"चुकीच्या उत्तराचा तपशील काय पाहायचा?"

"आणि म्हणे शास्त्रज्ञ."

दुपारी दामल्यांनी रीतसर हरकत नोंदवली: उद्यानाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीस डावलण्यात आले असून डॉ. खोत यांच्या जागी आपणास पाठवावे. चार मिनिटांत गणकाचे उत्तर दोघांच्या पडद्यांवर उमटले.

"डॉ. खोत यांच्या नियोजित भेटीमुळे, यंदा अर्ज न केलेल्या एका व्यक्तीस भेटीची इच्छा झाली आहे. अनुगमनांक शून्यावरून एक. परवाना रद्द."

खोत यांनी उत्तर दोनदा वाचले. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"आता तरी तपशील उघड," त्या म्हणाल्या.

दामल्यांनी गतवर्षीचा नकार उघडला. संभाव्य अनुगामी: एक. नाव: इरावती खोत. आधार: चहाच्या वेळची संभाषणे.

दुसऱ्या दिवशी खोत यांनी आपले टेबल वरच्या मजल्यावर हलवले. त्यानंतर त्यांच्याकडून दामल्यांना फक्त कार्यालयीन टिपणे येत. चहा दामले जागेवरच घेऊ लागले.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज केला. संभाव्य अनुगामी आढळला नाही. अनुगमनांक शून्य. परवाना मंजूर.

त्यांनी बूट घेतले. तेही चावत होते. तीन आठवडे दामले ते घालून प्रयोगशाळेत हिंडले. वरच्या मजल्यावरही, काम नसताना, दोनदा जाऊन आले. फरशीवर बुटांचा आवाज चांगलाच होत होता.

कोणीही काही विचारले नाही.