एकतिसावा आवाज

"मॅडम, नियम तुम्हीच लिहिलात ना? मग आता भोगा!" ध्वनिप्रयोगशाळेतला इम्तियाज सतारमेकर म्हणाला आणि डॉ. हेमांगी तगारेंच्या डोक्यात तिडीक गेली. पण ते खोटं थोडंच होतं!

ध्वनिठसा हा हेमांगीबाईंचाच शोध. बोटासारखा गळ्याचाही ठसा असतो. यंत्र गर्दीतला एकेक आवाज वेगळा काढून त्याचा माणूस हुडकतं. त्यावरूनच नियम झाला: मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ज्याचा ज्याचा आवाज, त्या प्रत्येकाची संमती मिळाल्याशिवाय ते कुणालाही ऐकायला उघडायचं नाही. कागदावर किती सोज्वळ! पण आपल्याकडे श्रोता मैफलीत गप्प बसतो का? हेमांगीबाईंच्या गायिका आईच्या, कुमुदिनीबाईंच्या, मिरजेतल्या एकुलत्या एक मुद्रणात वाहवा करणारेच एकोणतीस निघाले. कै. तारळेकर तर नुसते खोकले होते, तरी संमतीवरून त्यांचे दोन मुलगे हमरीतुमरीवर आले. आणि इकडे आईच्या कानांना डॉक्टरांनी जेमतेम आठवडा दिलेला! चोरटी प्रत कुठेही मिळाली असती, पण "चोरीचं गाणं? मेले तरी नको," असं आईनं ठणकावलं होतं.

"श्रोत्यांपैकी तीस झाले," इम्तियाज म्हणाला. "एकतिसावा राहिलाय. भैरवीत तान्हं बाळ रडतंय. ठसा जुळत नाही."

"जुळेल कसा? तान्ह्या गळ्याचा ठसा मोठेपणी उरतच नाही. कोण ते कार्टं घेऊन आलं होतं, देव जाणे! आईला अक्कल नव्हती त्याच्या?"

शेजारीच खुर्चीत बसलेल्या कुमुदिनीबाईंनी कानामागे हात धरला. हेमांगीबाईंनी तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"अगं, ते कार्टं तूच! तीन महिन्यांची होतीस. घरी सांभाळायला कोण होतं? तंबोऱ्यामागे दुपट्यात निजवलं होतं तुला. अक्कल नव्हती ती मला."

तान्हेपणीच्या आवाजासाठी नियमात आईची संमती चाले, बाळ पुढे कितीही मोठं झालेलं असो. कुमुदिनीबाईंनी पडद्यावर अंगठा टेकवला आणि मुद्रण उघडलं.

भैरवी रंगात आली तोच बाळानं टाहो फोडला. गाणं क्षणभर थांबलं, "आले हं, आले," असं पुटपुटलं आणि पुन्हा सुरू झालं.

हेमांगीबाई ओशाळल्या. "आई, सगळी भैरवी नासवली गं मी. यंत्रानं पुसून टाकते ते रडणं. नुसतं गाणं ऐक."

"खबरदार!" कुमुदिनीबाई कडाडल्या. "त्या बाळाची संमती माझ्याकडे आहे ना? मग पुसायला मी देत नाही. गाणं मला पाठ आहे. ते रडणं लाव परत."