चौथी खोली गार कशी?

सहा खोल्या होत्या. पाच गरम, एक गार. आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त काम जिच्या नावावर लागलं होतं, तीच गार. रान नांगरून बैल परत आला आणि त्याच्या अंगावर घामाचा थेंब नाही, तर तुम्ही काय म्हणाल? बारा वर्षांची वैजू फेगडे चौथ्या खोलीच्या दाराला तळहात लावून तेच म्हणत होती. बाहेर हारतुरे चालले होते आणि थोड्याच वेळात यंत्रं बंद होणार होती.

पण आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल कसल्या खोल्या आणि कसलं काम.

२०७९ साल होतं. कुठल्याशा लांबच्या ग्रहावरून निघालेलं एक यान त्याहून लांबच्या ग्रहाकडे चाललं होतं. आत बसलेल्या पाहुण्यांना प्रत्येकी नऊ डोकी. एका धडावर नऊ डोकी म्हणजे सर्दी झाली की रुमालांचा केवढा खर्च, ते तुम्हीच बघा. या पाहुण्यांनी निरोप धाडला होता की रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही तुमच्या चंद्राजवळून जाऊ, तेवढ्या वेळात पोरांनी आम्हाला एकेक प्रश्न विचारावा. पुन्हा या वाटेनं येणं तीनशे बारा वर्षांनी.

महाराष्ट्रातल्या तीन लाख पोरांनी नावं नोंदवली. अडचण एकच होती. पाहुणे शिट्ट्यांमध्ये बोलत. मराठीची शिट्टी करून द्यायचं काम तापीकाठच्या हरणखेड्यातल्या ‘कदलीवन संगणन’ या कंपनीकडे आलं. कंपनीकडे सहा सर्व्हर (लोकांनी मागितलेलं काम करून देणारे मोठे संगणक) होते आणि ते ठेवले होते केळी पिकवायच्या जुन्या खोल्यांमध्ये. भिंती जाड, दारं घट्ट. पिकल्या केळ्याचा वास मात्र अजून गेला नव्हता. शिट्टी करता यावी म्हणून प्रत्येक सर्व्हरमध्ये शिट्ट्यांचा शब्दकोश भरायचा होता.

वैजूचे आजोबा, डॉक्टर मोतीराम फेगडे म्हणजेच मोतीआबा, तरुणपणी याच खोल्यांमध्ये केळी पिकवत. मग ते संगणक शिकले, शास्त्रज्ञ झाले, जग हिंडले आणि म्हातारपणी पुन्हा त्याच खोल्यांमध्ये येऊन बसले. ते म्हणायचे, पिकायला लागलेलं केळं आणि कामाला लागलेला संगणक, दोन्ही गरम होतात. हाताला कळतं.

शुक्रवारी चाचणी घेतली. पाचच हजार पोरांना प्रश्न धाडायला सांगितलं आणि दहा मिनिटांत पहिला सर्व्हर फेस काढून आडवा झाला. बाकीचे पाच स्वस्थ बसून होते, कारण पोरांना पत्ता ठाऊक होता तो पहिल्या खोलीचा. व्यवस्थापक सरोदे बाई घाबरल्या. आणखी सहा सर्व्हर आणू या, असं म्हणायला लागल्या.

“बाई, वाढपी कमी नाहीत,” मोतीआबा म्हणाले. “पुढं उभं राहून वाढप्यांना धाडणारा नाही.”

वैजूला हे लगेच पटलं. गावच्या वरण-बट्टीच्या पंगतीत बोंडेअण्णा खांद्यावर पंचा टाकून मधोमध उभे राहतात. स्वतः एक पळीही वाढत नाहीत. नुसतं बघतात आणि हात करतात: तू तिसऱ्या रांगेत, तू कोपऱ्यात. दोन हजार माणसं जेवून उठतात, तरी कुणाची पत्रावळ कोरडी राहत नाही. संगणकांच्या पंगतीतल्या अशा बोंडेअण्णांना लोड बॅलन्सर (आलेलं काम सगळ्यांमध्ये वाटून देणारा) म्हणतात.

शनिवारी आबांनी तो बसवला. शेवयांच्या डब्याएवढं यंत्र, पण ऐट अशी की जणू गावचा पाटील. आधी त्यांनी पत्त्याची पाटी फिरवली, म्हणजे पोरांनी नेहमीचं नाव टाकलं की ती पहिल्या खोलीकडे न जाता डब्याच्या दारात यावीत. मग डब्याला सहाही खोल्यांची यादी दिली. आता नियम ठरवायचा होता आणि तो आबांनी वैजूवर सोडला. पाळीपाळीनं वाटायचं की ज्याच्या हातात कमी काम त्याला द्यायचं? वैजूनं विचार केला. कुणी विचारेल ‘तुम्ही कोण?’ आणि जामनेरचा तिचा मावसभाऊ सुयोग विचारेल दीड पानभर. पाळीपाळीनं दिलं तर ज्याच्या वाट्याला सुयोग येईल तो मेलाच. तेव्हा ज्याचा हात मोकळा, त्याला पुढचा प्रश्न.

शेवटी खुशालीची टकटक (सर्व्हर जागेवर आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारणं) लावली. डब्यानं दर पाच सेकंदांनी प्रत्येक दारावर टकटक करून विचारायचं, ‘आहेस का?’ तीनदा उत्तर आलं नाही, तर त्याचं नाव यादीतून काढायचं. खरंच काढतो का ते बघायला वैजूनं चौथ्याची वीज खुशाल बंद केली. पंधरा सेकंदांत डब्यानं चौथ्याला गाळलं आणि त्याचं काम बाकीच्यांना वाटलं. वीज पुन्हा लावली तसा चौथा म्हणाला ‘आहे’ आणि डब्यानं त्याला परत घेतलं. सरोदे बाईंनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी दहाच्या ठोक्याला वैजूनं हिरवं बटण दाबलं, आणि काय सांगावं! पडद्यावरचे आकडे उंदरांसारखे पळत सुटले. तासाभरात, अकराला, तीन लाख प्रश्न पूर्ण. सरोदे बाईंना रडू आलं. केळ्याच्या वेफर्सची ताटं फिरली. कुणीतरी डब्याला हार घातला. आता यंत्रं बंद करा, विजेचा खर्च नको, असं बाई म्हणाल्या. वैजूनं घाईत स्वतःचा प्रश्नच धाडला नव्हता. ती धाडायला बसली, तेवढ्यात सुयोगचा फोन आला.

“वैजे, मी दीड पान विचारलं,” तो म्हणाला. “पाहुण्यांचं उत्तर वाचू? ‘कोऱ्या कागदाबद्दल आभारी आहोत. इतका स्वच्छ कागद आमच्याकडे मिळत नाही.’ तुझ्या आबांच्या डब्यानं माझा प्रश्न खाल्ला गं.”

वैजूनं वळून पाहिलं. पडद्यावर तर सगळं हिरवं होतं. पडदा सांगत नाही तर हाताला विचारावं, म्हणून ती खोल्यांकडे धावली. पहिलं दार गरम, दुसरं गरम, तिसरं तर चटका बसेल असं. चौथं मात्र माठासारखं गार. आणि पडद्यावर चौथ्याच्या नावावर दोन लाख बावीस हजार प्रश्न!

इथं आपण मघाशी तिला उभी केली होती.

दाराला हात लावूनच तिनं डोळे मिटले आणि तिला गेल्या वर्षीची पंगत आठवली. विलासकाका वरणाची बादली घेऊन वाऱ्यासारखे पळत होते. इतरांची एक रांग होईतो यांच्या चार. सगळे म्हणाले, काय चपळ माणूस. मग एका आजीबाईंनी पत्रावळ दाखवली, तर ती कोरडी ठणठणीत. बादलीत वरणच नव्हतं. रिकामी बादली हलकी असते, म्हणून तर ते पळत होते.

ती आबांकडे धावत गेली.

“आबा, चौथ्याची बादली रिकामी आहे. मी काल त्याची वीज काढली ना, तेव्हा त्यात शिट्ट्यांचा शब्दकोश भरणं चालू होतं का?”

आबांनी कपाळावर हात मारला. शब्दकोश अर्ध्यातच राहिला होता. चौथ्याला शिट्टी येतच नव्हती, म्हणून प्रश्न आला की तो कोरा कागद पुढं सरकवायचा आणि हात झटकून मोकळा. वैजूचा नियम होता की हात मोकळा त्याला पुढचा प्रश्न. मग डबा बिचारा बहुतेक प्रश्न त्यालाच देत सुटला. आणि टकटक केली की चौथा इमानदारीत सांगायचा, ‘आहे.’ तो होताच की.

“माझ्यामुळे झालं,” वैजू म्हणाली.

“रडायचं एक वाजल्यावर,” आबा म्हणाले. “एकपर्यंत एकशे पाच मिनिटं आहेत. टकटक बदल.”

वैजूनं नाक पुसलं आणि टकटक बदलली. आता ‘आहेस का?’ विचारायचं नाही. विचारायचं, ‘पाणी’ शिट्टीत म्हणून दाखव. बरोबर उत्तर डब्याला ठाऊक होतं: दोन आखूड, एक लांब. पहिल्यानं म्हटलं, दुसऱ्यानं, तिसऱ्यानं म्हटलं. चौथ्यानं कोरा कागद दिला. तीनदा कोरा कागद दिल्यावर डब्यानं त्याला यादीतून काढून टाकलं.

कुणाचा प्रश्न कुठल्या खोलीत गेला याची नोंद डबा ठेवत होता, त्यामुळे चौथ्याकडचे प्रश्न पुन्हा धाडता येत होते. आबांनी हिशेब केला. एक सर्व्हर मिनिटाला चारशे प्रश्न करतो. पाचांचे दोन हजार. एकशे पाच मिनिटांत दोन लाख दहा हजार.

“बारा हजार पोरं राहतात,” सरोदे बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी डब्याचा हार काढून बाजूला ठेवला होता.

“राहणार नाहीत,” वैजू म्हणाली. “चौथ्याला शिकवू.”

शब्दकोश भरायला तास लागायचा. तो तासभर कुणी वेफर्सना हात लावला नाही. पाचही खोल्या तापून तव्यासारख्या झाल्या. बाई स्वतः पदर खोचून पंखे फिरवत होत्या. बारा वाजून वीस मिनिटांनी डब्यानं चौथ्याच्या दारावर टकटक केली आणि आतून आली शिट्टी: दोन आखूड, एक लांब. डब्यानं कुणाला न विचारता त्याला पंगतीत परत घेतलं. काम एका क्षणालाही थांबलं नाही. आबांनी वैजूचा हात धरून चौथ्या दारावर ठेवला. दार कोमट होतं. मग गरम झालं.

एकाला दोन मिनिटं कमी असताना शेवटचा प्रश्न सुटला. सुयोगचा फोन आला की त्याच्या दीड पानाला सव्वा तीन पानं उत्तर आलंय आणि आता ते वाचायचा त्याला कंटाळा आलाय.

“आता तुझा,” आबा म्हणाले.

वैजूनं आधी लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे शाळा शनिवारी अर्धीच असते का?’ ते तिनं पुसलं आणि भरभर लिहिलं, ‘तुमच्या नऊ डोक्यांत सगळ्यात भराभर उत्तर कुठलं देतं? त्याला एकदा तपासून बघितलंय का?’

डब्यानं तो प्रश्न चौथ्याला दिला. एकाला वीस सेकंद उरले असताना उत्तर आलं.

‘सातवं डोकं. आम्ही त्याला फार हुशार समजत होतो. आत्ता पाणी म्हणून दाखवायला सांगितलं. त्यानं कोरा कागद दिला. पुढच्या फेरीपर्यंत भरून आणतो. आभारी आहोत.’

मग यान निघून गेलं. वैजूनं खडू घेतला आणि चौथ्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, म्हणजे पुढं जे कोणी इथं काम करतील त्यांच्या लक्षात राहावं: ‘सन २३९१. पाहुणे आले की सातव्या डोक्यावर टकटक करणे.’