टाकीखालचं अंडं

"हळू सोड. फुटलं तर आई मलाच फोडेल," झुल्मिरा कुजबुजली.

"तू दोरी धर, सल्ले नंतर दे," आदेरितो म्हणाला. त्याने रिकाम्या डब्यात अंडं ठेवलं आणि डबा पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून असलेल्या फटीत हळूहळू खाली सोडला. झुल्मिराचा आठ वर्षांचा भाऊ बेबेतो राखण करत होता, म्हणजे रस्त्याकडे पाठ करून यांच्याकडेच बघत होता.

"बेबेतो, तोंड तिकडे!"

"तिकडे कुणी नाहीये ना पण," बेबेतो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

डोंगराने आग ओकून गाव गिळलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. लोक परत आले आणि प्रत्येकाने हट्टाने आपल्या गाडल्या गेलेल्या घराच्या बरोब्बर डोक्यावरच नवं घर बांधलं. चार पावलं इकडे नाही की तिकडे नाही. खालचा लाव्हा कुठे थंड तर कुठे अजून गरम, म्हणून म्हाताऱ्यांनी एक रीत घालून दिली होती. बांधायच्या आधी फटीत अंडं ठेवायचं. सकाळी कच्चं निघालं तर बांधा, शिजलेलं निघालं तर अंडं खा आणि दुसरी जागा बघा.

"पप्पांनी टाकीच्या वेळी अंडं ठेवलंच नसणार," आदेरितो म्हणाला. त्याचे वडील, म्हणजे झुल्मिराचे तितोकाका, पाणी समितीचे प्रमुख होते. "आपल्या आजोबांची जुनी टाकी याच्याच खाली आहे ना. मग काय, इथेच पाहिजे! काय हे गाव. मी तर शहरात शिकून तिकडेच राहणार. तिथे पोरं मला राखेतल्या गावचा म्हणून राखुंडा म्हणतात, तरी चालेल."

एरवी झुल्मिराने त्याला चार शब्द सुनावले असते. आज तिला तोंड वर करायचीही लाज वाटत होती. का, ते या दोघांना ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. टाकीचा नळ संध्याकाळी तासभर उघडायचा. वेळ संपली की तितोकाकांना हाक मारायची, मग ते गळ्यातल्या किल्लीने कुलूप लावायचे. हाक मारायची पाळी मुलांकडे असे. महिन्यापूर्वी आपल्या पाळीला झुल्मिरा चेंडू खेळायला गेली आणि विसरलीच. धावत आली तेव्हा नळ वाहत होता, राखेत ओला ओघळ गेला होता. तिने घाईने नळ बंद केला, काकांना बोलावून आणलं आणि मूग गिळून बसली. आठवड्याभराने टाकी दोन हात उतरल्याचा बोभाटा झाला. तिला वाटलं, हे आपलंच पाप. मोठी माणसं विचारायला लागली, तशी ती घाबरून बोलून गेली, "मी लौरिन्दो आजोबांना पाहिलं. पहाटे. नळावर कॅन भरत होते."

पाहिलं होतं तिने. पण वाटेवर. हातात भरलेले दोन कॅन घेऊन धुक्यातून जाताना. नळावरचं तिने पदरचं घातलं.

लौरिन्दो आजोबा कड्यापाशी एकटे राहत. त्यांच्या शेळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या द्राक्षवेली खाल्लेल्या होत्याच, त्यामुळे गावाला ते लगेच पटलं. आता रविवारच्या बैठकीत त्यांचं पाणी तोडायचं ठरणार होतं. पाऊस अजून महिनाभर लांब. पाणी तुटलं की शेळ्या विकाव्या लागणार, आणि शेळ्या गेल्या की आजोबांजवळ उरणार काय?

टाकी मात्र त्यानंतरही उतरतच राहिली. आणि काल बेबेतो धावत आला. "ताई, आजोबांची शेळी दगड चाटतेय!"

"मीठ असेल."

"मीठ नाही, ओला आहे दगड!"

तिघं गेले. टाकीच्या खालच्या अंगाला, काळ्या लाव्ह्याच्या एका भेगेतून पांढरी वाफ येत होती. तिच्यावर पत्र्याचा तुकडा तिरका ठेवलेला, पत्र्यावरून थेंब थेंब पाणी कॅनमध्ये पडत होतं. शेजारी लौरिन्दो आजोबा चीज कापत बसले होते.

"या, या. कार्निवलच्या सणापासून निघतोय हा धूर," ते म्हणाले. "डोंगराने दिलं, मी घेतलं. रात्रभरात दोन कॅन भरतात. घ्या, खा."

"आजोबा, हे बैठकीत सांगत का नाही?" आदेरितोने विचारलं.

"बोलतंय कोण माझ्याशी? कुणीतरी म्हणे मला नळावर पाहिलं. नजर अधू असेल बिचाऱ्याची."

झुल्मिराने हातातलं चीज शेळीपुढे धरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

परतताना आदेरितो एकदम थांबला. "नवी टाकी टँकरने कधी भरली?"

"कार्निवलला," झुल्मिरा म्हणाली, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. म्हणून आजचं हे अंडं.

रविवारी पहाटे डबा वर काढला. आदेरितोने अंडं दगडावर आपटलं. आत घट्ट पिवळं!

"शिजलं! टाकीखाली आग आहे," आदेरितो म्हणाला. "तळ तडकलाय. पाणी खाली जातंय, त्याची वाफ होतेय, आणि तीच आजोबांच्या पत्र्यावर."

"मी खाऊ?" बेबेतोने विचारलं.

"पुरावा आहे तो!"

"अर्धा खातो."

बैठक टाकीपाशीच भरली. लौरिन्दो आजोबा एका बाजूला टोपी हातात धरून उभे होते. आदेरितोने अर्धं अंडं पुढे केलं, तसे तितोकाका हसले. "चुलीवर उकडून आणलंस, शहाण्या? माझी टाकी खणखणीत आहे."

"मग आत उतरून दाखवा, पप्पा. घोट्यापर्यंतच तर पाणी उरलंय."

"दाखवतो की."

काका शिडीवर चढले. तेवढ्यात झुल्मिरा पुढे झाली. "काका, पिण्याचं पाणी आहे. बूट काढा ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी बूट काढले, आत उतरले, दोन पावलं चालले असतील नसतील, आतून "आई गं!" असा आवाज आला आणि काका एका पायावर नाचत शिडीशी आले. तळ कोपऱ्यात चटके देत होता आणि बोटभर रुंद तडा तिथून भिंतीपर्यंत गेला होता.

"तितो, अंडं ठेवलं होतंस?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"वेळ नव्हता," काका खाली बघत म्हणाले. "आणि बाबांची टाकी इथेच होती ना."

मग कौतुकाला ऊत आला. कुणी आदेरितोची पाठ थोपटली, कुणी बेबेतोला उचललं. "ही पोरं आहेत तोवर गावाला मरण नाही," समितीच्या काकू म्हणाल्या आणि त्यांनी झुल्मिराला जवळ ओढलं. "आणि ही बघा, आधी चोर दाखवला, मग चोर नाही हेही हिनेच दाखवलं. गुणाची गं माझी!"

झुल्मिराने त्यांचा हात बाजूला केला.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आजोबा नळावर नव्हतेच. मी नळ उघडा टाकून खेळायला गेले होते. माझ्यावर येईल म्हणून त्यांचं नाव घेतलं."

आईने तोंडावर हात ठेवला. बेबेतो डोळे मोठे करून ताईकडे बघत होता, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

लौरिन्दो आजोबांनी टोपी डोक्यावर घातली.

"पोर बारा वर्षांची आहे. घाबरली," ते म्हणाले. "पण पहाटे नळाला कुलूप असतं. किल्ली तितोच्या गळ्यात. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी नळ उघडला कसा, हे एकानेही विचारलं नाही?"

आता माना खाली घालायची पाळी मोठ्यांची होती. काकांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

नव्या टाकीची जागा बघायची ठरली. त्या रात्री तीन ठिकाणी अंडी ठेवायची, आणि देखरेख आदेरितोकडे. "सुट्टी संपेपर्यंत आहे मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पुढच्या सुट्टीतही येईन. बघायला."

लोक पांगले. झुल्मिरा जागची हलली नव्हती. आजोबा भेगेकडे गेले आणि दोन भरलेले कॅन घेऊन वर आले. एक त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"कड्यापर्यंत येतेस?"

तिने मान हलवली. कॅन जड होता, कडी बोटांत रुतत होती. कड्यापर्यंतची वाट लांब होती आणि वाटेवरच्या प्रत्येक दारात माणसं उभी होती. तिने हात बदलला नाही आणि मानही खाली घातली नाही.

"उद्या पहाटे येऊ?" शेळ्यांच्या कुंपणाशी तिने विचारलं.

"ये," आजोबा म्हणाले. "धुक्यात मला नीट बघून घे म्हणजे झालं."