लिबियाचा आकडा

नांदेडच्या विद्यापीठासमोर प्रबंध टंकून, छापून आणि बांधून देणारी दोन दुकाने शेजारी शेजारी आहेत. पीएच.डी. करणारी राजकन्या ज्या दुकानाचा पत्ता लातूरहून घेऊन आली होती, त्याला त्या दिवशी कुलूप होते; म्हणून, केवळ म्हणूनच, ती दुसऱ्या दुकानाची पायरी चढली. सुतळीने बांधलेला हस्तलिखिताचा गठ्ठा तिने टेबलावर ठेवला, ओढणीच्या टोकाने चेहऱ्यावरची प्रवासाची धूळ टिपली आणि किती दिवस लागतील, असे विचारले.

टेबलामागचा वैजनाथ उभ्याउभ्याच पहिले पान वाचू लागला होता. 'निवडक देशांतील इंधनदर आणि इंधनकर : एक तुलनात्मक अभ्यास.' मुदखेडहून रोज रेल्वेने येणारा हा एकतीस वर्षांचा गृहस्थ नावाला टंकलेखक होता. परंतु त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रबंधात चूक सापडत नाही असा त्याचा लौकिक होता, आणि त्या लौकिकाचा त्याला अबोल पण भरभक्कम अभिमान होता. तिसऱ्या ओळीवर त्याची पेन्सिल थांबली.

"इथं तुम्ही 'इंधनकर म्हणजे जनतेची लूट' असं लिहिलंय. 'लूट' टिकणार नाही."

"का बरं? नांदेडला पेट्रोल एकशे पाचच्या वर हाय. तुम्ही पायी फिरून राहिलात काय?"

"स्टेशन ते दुकान मोटारसायकलच आहे. पण तुमच्याच पुढच्या ओळीत नॉर्वे आहे. तेल त्यांच्याच समुद्रातलं, तरी भाव पावणेदोनशे, आणि त्यातला मोठा वाटा कराचा. त्यांना तुम्ही लुटलेलं म्हणत नाही. मग आपल्यालाच का?"

पेनाचे टोपण दातांत धरून ती क्षणभर त्या ओळीकडे पाहत राहिली, मग हसली. "मग काय लिहू?"

"भार."

तिने तो शब्द लिहिला, आणि मान वर करून म्हणाली, "एक आत्ताच ठरवून घेऊ. अक्षर तुमचं, आकडा माझा. वाक्य मोडा, शब्द बदला, माझं काही म्हणणं न्हाई. पण आकड्याला हात लावायचा न्हाई. एकेक आकडा सहा वर्षं जमवलाय मी."

"कबूल," वैजनाथ म्हणाला. शब्द देताना तो हलकाच वाटतो. त्याचे वजन कळते ते पाळायची वेळ आल्यावर.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी लातूरची बस तिला नवे प्रकरण घेऊन विद्यापीठाच्या फाटकाशी उतरवू लागली. ती औशाची, लातूरच्या एका महाविद्यालयात आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होती. हा विषय का निवडला, हे तिने एकदा चहा पिताना सांगितले. निलंग्याकडे तिच्या मामाचे गाव होते. मामाच्या ट्रॅक्टरवर बसून ती लहानपणी ओढा ओलांडून कर्नाटकात जाई, कारण पलीकडे डिझेल स्वस्त मिळे. ओढा एक, डिझेल एक, मग भाव दोन का, या तिच्या प्रश्नाला मामाने 'गप बस' असे उत्तर दिले होते. ते तिला पटले नव्हते, एवढेच.

विद्यापीठातील सगळे त्याला वैजनाथभाऊ म्हणत. ती म्हणत नसे. 'अहो, ऐका' म्हणे, किंवा काहीच न म्हणता टेबलावर बोटाने टकटक करी. हा फरक त्याच्या ध्यानात आला होता; आणि तो आपल्या ध्यानात आला आहे हे तिला कळले असावे, असाही त्याला संशय होता.

"तुम्ही लग्नाच्या पत्रिकेतपण चुका काढत असाल," ती एकदा म्हणाली.

"काढतो. दुसऱ्यांच्या."

"स्वतःच्या पत्रिकेत काढाल तेव्हा खरं," ती म्हणाली, आणि उगाचच बसची वेळ झाली म्हणून उठली.

कोष्टक ताडून पाहण्याची दुकानाची एक रीत होती. वैजनाथ पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाची आणि संशोधकाने हस्तलिखितात पाहून 'हाव', म्हणजे 'होय', म्हणायचे. हाव आल्याशिवाय पान छापायचे नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत ती रीत कधी मोडली नव्हती. शेवटचे प्रकरण राजकन्येने कुरिअरने पाठवले. प्रबंध दाखल करण्याचा तो अखेरचा दिवस होता. ती परीक्षेच्या कामावर होती, फोन बंद होता. पृष्ठ एकशे सत्तेचाळीस. कुवेत एकोणतीस रुपये, अल्जेरिया एकोणतीस रुपये, आणि त्याखाली लिबिया : २.५०.

लिटरमागे अडीच रुपये! अडीच रुपयांत नांदेडला पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. वैजनाथने तो आकडा तीनदा वाचला. वरच्या ओळींतले देश तिशीच्या आसपास असताना हा एकटा अडीचवर कसा असेल? घाईत टिंब चुकले, हे उघड होते. एवढी बुद्धिमान स्त्री, सहा वर्षांचे श्रम, आणि परीक्षकापुढे एका टिंबासाठी मान खाली... त्याने टिंब एक घर उजवीकडे सरकवले. २५.०. आपण तिला लाजेतून वाचवले, आणि तिला ते कधी कळणारही नाही, या जाणिवेचे सुख तो पुढे तीन महिने मनात घोळवीत होता.

ते सुख फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेआठ वाजता संपले.

त्याच दिवशी साडेअकराला राजकन्येची मौखिक परीक्षा होती. वैजनाथ दुसऱ्याच एका प्राध्यापकाचा लेख टंकीत होता, आणि त्या लेखात लिबिया आला : पेट्रोल, लिटरला सुमारे अडीच रुपये. त्याची बोटे थांबली. त्याने इंटरनेटवर दोन ठिकाणी पाहिले. अडीच. उरलेला खर्च तेथील सरकार तेलाच्या उत्पन्नातून सोसते, असा खुलासाही होता. त्याने प्रबंधाची दुकानातली प्रत उघडली. पुढच्याच पानावर राजकन्येचे वाक्य होते : हाँगकाँगचे दोनशे ऐंशी आणि लिबियाचा दर यांत शंभर पटींहून अधिक तफावत आहे. शेजारच्या पानावरच्या पंचविसाशी ताडले तर ही तफावत अकरा पटींची. पाचवीतल्या मुलालाही दिसेल असा विरोध, आणि बाहेरून आलेले परीक्षक तर आकड्यांसाठीच प्रसिद्ध होते. प्रबंध परत गेला तर सहा महिने मोडणार. आणि पुढच्या सोमवारी लातूरला कायम जागेची मुलाखत होती, जिच्यासाठी ती आठ वर्षे थांबली होती.

दुकानाचे मालक देविदासराव यांनी सगळे ऐकून घेतले आणि गप्प राहण्याचा सल्ला दिला. "तिच्या गाईडनं पाह्यलं न्हाई, तर परीक्षक कशाला पाहतोय? अन् पाह्यलंच, तर तिचं लिहिणं हाय, तिला इचारतील. तू मधी कशाला?"

युक्तिवाद निर्दोष होता, आणि म्हणूनच वैजनाथला तो किळसवाणा वाटला. त्याने सहा शुद्धिपत्रे छापली, खिशात घातली आणि फोन लावला. ती बसमध्ये होती. अहमदपूर मागे पडले होते.

"लोह्याला मी बसमध्ये चढतो," तो म्हणाला. "बोलायचं आहे."

पलीकडून हसरा, जपून ठेवलेला आवाज आला, "एवढं काय हाय, जे फोनवर सांगता येत न्हाई?"

"सांगता येतं. पण सांगू नये."

"या मग. जागा धरून ठेवते."

मोटारसायकल लोह्याच्या स्थानकावर लावून तो बसमध्ये चढला तेव्हा तिने पिशवी उचलून जागा मोकळी केली. अबोली रंगाची नवी साडी, केसांत घाईने माळलेले फूल, आणि डोळ्यांत अशी काही वाट पाहणे की क्षणभर त्याला वाटले, काहीच सांगू नये. खिडकीबाहेर करडई फुलली होती. बस हलली. तिने दृष्टी मांडीवरच्या प्रबंधाकडे वळवली आणि हळूच म्हणाली, "बोला."

"लिबिया," वैजनाथ म्हणाला.

ऐकण्यासाठी तिने जे जे शब्द मनात सज्ज ठेवले होते, त्यांत हा नव्हता.

त्याने सगळे सांगितले. काही लपवले नाही, काही मऊ केले नाही. ती ऐकत असताना तिच्या बोटांनी आपोआप पृष्ठ एकशे सत्तेचाळीस काढले, आणि आकड्यावर येऊन ती थांबली.

"मला का न्हाई इचारलं?"

"फोन बंद होता."

"दुसऱ्या दिवशी चालू व्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीबी."

"तुम्हाला कुणापुढं मान खाली घालावी लागू नये, एवढंच मनात होतं."

"मान माझी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच अधिक वाईट होते. "आकडा माझा. मी ही पानं पुन्हा वाचली तेव्हा शब्द वाचले, आकडे न्हाई वाचले. का? तर तुम्ही कबूल म्हणला होता म्हणून. न इचारता दुरुस्त करायला मी काय तुमचं पान हाय?"

त्याने शुद्धिपत्रे पुढे केली. 'ही चूक टंकलेखकाची आहे, संशोधिकेची नव्हे', असे त्यांवर त्याच्या सहीनिशी लिहिले होते. तिने ती न वाचता पर्समध्ये टाकली आणि तोंड खिडकीकडे वळवले. पाऊण तासाने विद्यापीठाच्या फाटकाशी ती उतरली, आणि तिने मागे पाहिले नाही.

परीक्षा खुली होती. वैजनाथ शेवटच्या बाकावर बसला. परीक्षकांपुढच्या प्रतीत एका पानाचा कोपरा दुमडलेला होता; आणि ते पान प्रतीच्या शेवटाकडचे आहे, हे त्याला इतक्या अंतरावरूनही दिसले. पहिले तीन प्रश्न सोपे गेले. चौथ्यासाठी परीक्षकांनी दुमडलेल्या कोपऱ्याला बोट लावले.

"सर, त्यापूर्वी मला एक चूक सांगायची आहे," राजकन्या उभ्या जागेवरून म्हणाली. "पृष्ठ एकशे सत्तेचाळीसवर लिबियाचा दर पंचवीस रुपये छापला आहे. तो अडीच रुपये आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मी तेच विचारणार होतो. छपाईची चूक?"

आता ती पर्स उघडील, असे वैजनाथला वाटले. तिने उघडली नाही.

"नाही सर. सवयीची. ज्यांनी हे टंकले ते फार काटेकोर गृहस्थ आहेत. एकशे पाच रुपयांनी पेट्रोल भरणाऱ्या माणसाला अडीच रुपये खरे वाटले नाहीत; त्यांनी माझी चूक समजून ती दुरुस्त केली. माझे शेवटचे प्रकरण हेच सांगते. एखाद्या भावाची सवय झाली की तो ठरवणारा हात आपल्याला दिसेनासा होतो. मग कर कर वाटत नाही, हवामान वाटते. लिबियातल्या माणसाला आपले एकशे पाचसुद्धा छपाईची चूकच वाटतील."

सभागृहात कोणीतरी हसले. परीक्षक हसले नाहीत. "मग जबाबदारी कोणाची?"

"माझी. मी ताडून पाहिले नाही." ती किंचित थांबली. "माझा विश्वास होता."

त्या 'होता'तला भूतकाळ वैजनाथला जेथे लागायचा तेथे लागला.

"तर मग अडीच रुपयांचा देश सुखी, असा तुमचा निष्कर्ष आहे काय?" परीक्षकांनी विचारले.

नाही, ती म्हणाली. स्वस्ताईची किंमतही कोणीतरी भरतच असते. तेथे ती सरकारी तिजोरी भरते, आणि ते पेट्रोल चोरवाटेने सीमेपलीकडे विकले जाते. जेथे दोन दरांच्या मध्ये एक रेषा असते, तेथे ती ओलांडणारा इंधनाचा कॅन असतोच, मग ती रेषा वाळवंटात असो की निलंग्याच्या ओढ्यात. परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला आणि दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

पदवीची शिफारस झाली. अट एकच : सहाही प्रतींतले ते पान आजच्या आज बदलून द्यावे.

चार वाजता ती दुकानाची पायरी चढली. टेबलावर तिने आधी सहा शुद्धिपत्रे ठेवली, घडीही न मोडलेली. "ही न्हाई लागली," ती म्हणाली, आणि हस्तलिखित उघडून समोरच्या खुर्चीत बसली. "वाचा."

वैजनाथ वाचू लागला.

"हाँगकाँग, दोनशे ऐंशी."

"हाव."

"नॉर्वे, एकशे पंचाहत्तर."

"हाव."

देशामागून देश गेले. कुवेत, अल्जेरिया. मग तो अडखळला. "लिबिया... अडीच."

तिने त्याला थांबायला लावले. हस्तलिखितात पाहिले, पडद्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. पुरते दहा अंक मोजता येतील इतका वेळ.

"हाव."

कोष्टक संपले. वैजनाथची नजर पडद्यावरच खिळलेली होती. ती उचलण्याचे धैर्य त्याला होईना.

"औशाला येईन म्हणतो," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांना, शेषेरावांना भेटायला. प्रबंधाच्या कामासाठी नव्हे... आज जे झालं त्यानंतर विचारायचा मला हक्क नाही. पण न विचारता काही करणार नाही, हे आता शिकलोय. म्हणून विचारतो."

पेनाचे टोपण दातांवर वाजले. एकदा. दोनदा.

"हाव."

तो गर्रकन वळला. "नीट पाहून सांगा. मी टंकलेखक, रोज मुदखेडहून ये-जा करणारा, आणि आजच तुमचं..."

"पुन्हा तेच," राजकन्या म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांच्या कडा हसत होत्या. "खरं वाटंना की निघाले टिंब सरकवायला. लिहिलंय तसं वाचायचं. हाव म्हणलं की हाव. छापा आता."