शेगडीवाल्याचं परत येणं

“बूट घालून कुठे निघालात? आधी सपाता चढवा, लाकडी जमिनीवर ओरखडे पडतात.”

ताईसियाने संग्रहालयाच्या दारातल्या पेटीतून जाड लोकरीच्या दोन ढगळ सपाता काढून त्या तरुणासमोर टाकल्या. त्याने त्या निमूटपणे बुटांवर चढवल्या आणि हिची टकळी सुरू झाली. चित्रकार ओस्त्रोगिन या हवेलीत तीस वर्षं कसे राहिले, बायकोवर त्यांचा किती जीव होता, तिच्यासाठी त्यांनी मॉस्को कसं सोडलं... चांगला पाऊण तास! तो मागून पाय घासत येत होता, चित्रांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत. जेवणघरातल्या, खोली उबदार ठेवणाऱ्या निळ्या फरशांच्या उंच शेगडीपाशी मात्र तो वाकला.

“ही धूर सोडते ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“संचालकबाईंच्या पत्रातून. मी मात्वेय. शेगडी दुरुस्त करायला आलोय.”

“मग हे आधी नाही सांगायचं?”

“तुम्ही बोलू दिलंत तर ना... आणि दिलं असतं, तरी मी गप्पच बसलो असतो.”

ताईसियाचे कान लालबुंद झाले.

पुढचे नऊ दिवस तो एकेक फरशी उतरवायचा, ताईसिया फरशीच्या मागच्या बाजूला खडूने आकडा घालायची. बोटं काळी, हसणं मात्र थांबायचं नाही. दालनावर नजर ठेवणाऱ्या ग्लाफिरा पाव्लोव्हना विणता विणता म्हणायच्या, “पाहुणे तिकडे, ताया, आणि तू दहादा जेवणघरात. एवढी भूक लागते?”

दहाव्या दिवशी शेगडी पेटली. धूर सरळ वर गेला, म्हणजे मात्वेयचं इथलं काम संपलं. आता तीनची बस, मग रेल्वे, मग हिवाळाभर दूर उत्तरेला अर्खांगेल्स्कला काम. ओस्त्रोगिनचं प्रेम ती दिवसातून चार वेळा रंगवून सांगे. स्वतःच्या प्रेमाची वेळ आली, तर दातखीळ! “सांभाळून जा,” एवढंच बोलली ती. तो गेला.

पाच मिनिटांनी दार वाजलं. मात्वेय, धापा टाकत.

“काहीतरी विसरलो...”

“अरे देवा, निघालेला माणूस परत?” ग्लाफिरा पाव्लोव्हना कडाडल्या. “आता आरशात बघितल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. प्रवास फिसकटेल.”

हवेलीत आरसा एकच, चित्रकाराच्या बायकोच्या खोलीत, दोरीपलीकडे. त्या दोरीला हात लावणाऱ्याला रोज झापणाऱ्या ताईसियानेच ती सोडली. दोघं आरशासमोर उभी राहिली.

“काय विसरलात?”

“हातमोजे म्हणणार होतो... पण ते खिशातच आहेत.”

बाहेर बसचा भोंगा वाजला. आता नाही, तर कधीच नाही.

“मला तुम्ही आवडता, मात्वेय. त्या पाऊण तासापासून. झालं, सांगून टाकलं. आता आरशात बघा आणि पळा, बस चुकेल.”

तो जागचा हलला नाही. बस घरघरली, वळली, तिचा आवाज दूर गेला.

“बघितलंत का?” तिने हळूच विचारलं.

“नाही.” तो अजून तिच्याकडेच बघत होता. “स्वतःकडे बघायला सवडच झाली नाही. आता प्रवास फिसकटला, ताया.”

“फिसकटू दे,” ती म्हणाली, “थांब.”