आलं का?

या गोष्टीचा शेवट आधीच ओळखून दाखवा, मी जन्मभर गप बसतो. हरलात तर तुम्ही गप बसायचं. पैज.

तर भाजी मार्केटात लिलाव पुकारणारा एक माणूस होता. आवाज असा की गाढ झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जायचं. सगळे त्याला भोंगा म्हणायचे, बायकोसुद्धा. त्याचं घर तीन मजली, काडेपेटी उभी ठेवल्यासारखं. इंटरनेटचा डबा तळमजल्यावर, वरच्या खोलीत रेंजचा पत्ता नाही. आणि त्या दुपारी लेकीची नोकरीची मुलाखत, फोनवरच, तोंड दाखवून. खाली रस्त्याचा कालवा, शांतता काय ती वरच.

भोंग्यानं रेंज पुढे ढकलणारा दुसरा डबा आणला, त्याला लांबलचक वायर लावली.

"तू वर जाऊन फोन बघत बस. मी डबा सरकवतो. आलं की सांग."

"बाबा, हळू. मुलाखत घेणाऱ्यांना आत्ताच ऐकू जाईल," लेक म्हणाली.

जिना बिनखिडकीचा. दुपारीही अंधार, भिंतींना ओलीचा वास. पहिल्या वळणावर डबा ठेवून त्यानं आवाज दिला.

"आलं का?"

वरून लेकीचा आवाज आला, "नाही... अजून वर."

तो चढला. मागून वायर पायऱ्यांवर सरपटत आली. रस्त्याचा आवाज विरत विरत गेला.

"आता?"

"थोडं आलं... अजून वर आणा."

ओलीचा वास आता नाकात बसला होता. हातातला डबा उगाच गार लागायला लागला.

"आलं का गं?"

"आलं..." अगदी कानाशी बोलल्यासारखं. "तुमचं सगळं आलं, बाबा."

भोंग्यानं वर पाहिलं. समोर खोलीचं दार. दाराला बाहेरून कडी.

तेवढ्यात खाली चपला वाजल्या. "बाबा, मी इस्त्रीचे कपडे आणायला गेले होते. वर कुणाशी बोलताय?"

त्यानं तोंड उघडलं. घसा नुसता हलला, बाहेर काहीच आलं नाही. आणि बंद दाराआडून त्याचाच आवाज आला, लिलावातला, खणखणीत.

"ये गं वर. रेंज आलीय."

लेक जिना चढायला लागली. ओरडता येईना, तेव्हा भोंग्यानं वायर उपटली, धडपडत खाली उतरला आणि जिन्यात तिच्यापुढे आडवा पडला.

पोरगी गेली असंच धरून बसला होतात ना? नाही गेली. तळमजल्यावर खिडक्या लावून मुलाखत दिली, नोकरीही लागली. डबा काढून टाकला. तरी संध्याकाळी वरून कुणीतरी विचारतं, "आलं का?" घरात कुणी ओ देत नाही.

मार्केटात आता दुसराच पुकारतो. भोंगा पोती उचलतो. पण लेक कामावरून यायची वेळ झाली की घरी येऊन खालच्या पायरीवर हात पसरून बसतो. 'थांब' म्हणायला लागतो तो आवाज वर आहे.